हेल्मेटवाल्याला मी कसं गंडवलं

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १२.४०

आज सकाळी सव्वादहाला नोकरी सोडली. शांतपणे आणि पूर्ण विचार करून. दहा वाजेपर्यंत तसा काही विचार नव्हता.

तीन वर्षं दोन महिने. एमआयडीसीतली, यंत्रात बसणाऱ्या पितळी कड्या म्हणजे बुश बनवणारी कंपनी, क्वालिटी डिपार्टमेंट. बुश उचलायचा, मायक्रोमीटरमध्ये धरायचा, आकडा बघायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. दिवसाला चारशे. आज एकशे बाराव्या बुशला उठलो आणि सुपरवायझरसाहेबांना म्हणालो, मी जातो. साहेब म्हणाले, बाथरूमला ना? मी म्हणालो, कायमचा. साहेब म्हणाले, बरं, मग सेफ्टी शूज स्टोअरला जमा कर.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. साहेबांना जबर धक्का बसलाय. आणि ते तो लपवताहेत.

सोडण्याचं कारण कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर 'वैयक्तिक' असं सांगणार होतो. खरं कारण इथेही लिहीत नाही, कारण ही वही रूमवर असते आणि रूमवर वाल्मिकही असतो. वाल्मिक माझा रूम पार्टनर. त्याच कंपनीत, पॅकिंगला. माणूस साधा वाटतो. साध्या वाटणाऱ्या माणसांचीच मला जास्त भीती वाटते.

पुढे काय करायचं ते उद्या सकाळपर्यंत ठरवणार. घाई नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं. स्पर्धा परीक्षा. डेप्युटी कलेक्टर. त्याखाली काही नको.

घरी सांगायचं नाही. आई-आबा तिकडे पाथर्डीच्या पुढे गावात, त्यांना उगाच घोर कशाला. पोस्ट मिळाली की एकदम सांगू. तोपर्यंत रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन, आयकार्ड गळ्यात अडकवून बाहेर पडायचं, संध्याकाळी परत यायचं. आयकार्ड कंपनीनं परत मागितलंच नाही. विसरले म्हणावं, तर शूज कसे आठवले? मी परत येणार असं ते धरून चाललेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस वाचनालयात बसलो. शेजारच्या मुलानं विचारलं, कितवा अटेम्प्ट. विचारायची पद्धत आवडली नाही. माझी तयारी कुठवर आलीय ते काढून घ्यायचं होतं त्याला.

स्पर्धा परीक्षा रद्द. बंदिस्त शेळीपालन. अकरा व्हिडिओ बघितले. निर्णय पक्का.

७ नोव्हेंबर

शेळ्यांना वास येतो. कॅनडा?

९ नोव्हेंबर, रविवार

आबांचा फोन. पारनेरचं स्थळ अजून चालू आहे.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी मुलगी बघायला गेलो होतो. पूजा. डी.फार्म झालीय, पारनेरात एका मेडिकलमध्ये काम करते. पोहे तिनं केले नव्हते आणि कोणी विचारायच्या आत तिनं तसं सांगूनही टाकलं. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी बघत होतो. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. हे एकदाच लिहून ठेवतो, वाल्मिकनं वाचलं तरी चालेल.

आबा म्हणाले, त्यास्नी तू पसंत हाय, पन चौकशी करून सांगतो म्हनलेत. कोनीतरी येईल तिकडं. नीट ऱ्हा. कंपनीचं कार्ड संगं ठीव. मी म्हणालो, गळ्यातच आहे. यात काही खोटं नव्हतं.

चौकशी म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. आत्याच्या पोरीच्या वेळी मी स्वतः गेलोय. पद्धत ठरलेली असते. तिघं-चौघं जाणती माणसं, पांढरे कपडे, निदान एक टोपी, गावातल्या कोणाची तरी जीप. दारात उभं राहायचं, गुराढोरांकडे बघायचं, पावसापाण्याचं बोलायचं, मग हळूच मुलाचा विषय काढायचा. मी लांबून ओळखेन.

त्यांनी हो म्हणायच्या आत दुसरी नोकरी, धंदा किंवा कॅनडा यापैकी एक हातात असेल. महिना भरपूर झाला.

१० नोव्हेंबर, सोमवार

घरमालकीण लंकाबाईंना पढवलं. आमच्या केडगावातल्या गल्लीत सगळी सिमेंटची घरं, तरी या बाईनं दारात म्हैस ठेवलीय. म्हणालो, मावशी, जीपमधून कोणी आलं आणि माझं विचारलं तर सांगा, पोरगं रोज ड्युटीला जातं. मावशी म्हणाल्या, मंग जातंच की. का न्हाई जात?

मी विषय बदलला. या बाईला काहीतरी कळलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.१०

आजपासून एका गंभीर प्रकरणाची नोंद सुरू करतोय.

पुणे रोडच्या टपरीवर एक माणूस. पन्नाशीचा. राखाडी मोपेड, खिशाला दोन पेनं, काखेत प्लॅस्टिकची फाइल. आणि डोक्यात हेल्मेट. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, माणूस बाकड्यावर, तरी हेल्मेट डोक्यातच. काच वर करून चहा पीत होता. नगरात हेल्मेट घालून चहा पिणारा माणूस मी अजून बघितला नव्हता.

तो गेल्यावर टपरीवाला ज्ञानेश्वर म्हणाला, तुझंच इचारत हुता. कसा हाय पोरगा, कामाला जातो का, कुनात उठबस हाय. मी चांगलंच सांगितलं. मी ज्ञानेश्वरला झापलं. परक्या माणसाला माझी माहिती द्यायचीच कशाला? जीप आली तर सांग, मोपेड आली तर गप्प बस, अशी स्पष्ट सूचना दिली. ज्ञानेश्वर म्हणाला, टू व्हीलरवाल्यानं काय घोडं मारलंय?

संध्याकाळी ६.

दिवसभर विचार केला. प्रकरण उलगडलं.

माणूस कंपनीचा आहे. दोन पेनं आणि फाइल, म्हणजे एचआर. सात नंबर मशीनचं माप घ्यायचं गेज अडकतं आणि त्याला कुठे टिचकी मारायची हे फक्त मला माहीत. मी जाऊन नऊ दिवस झाले. तिकडे रिजेक्शनचा ढीग लागला असणार. आता मला परत न्यायला माणूस पाठवलाय, पण एकदम पाया पडायला लाज वाटते, म्हणून आधी बाहेरून माहिती काढताहेत.

परत जायचं नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. अडचण एकच आहे, मी विरघळणारा माणूस आहे. कोणी दोनदा प्रेमानं चला म्हणालं की मी जातो. शाळेतल्या नाटकात असाच झाड झालो होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाल्मिकला सहज विचारल्यासारखं विचारलं, कंपनीत माझ्याबद्दल काय बोलतात. तो म्हणाला, कायच न्हाई. तुझ्या जागेवर दुसऱ्याच दिवशी एक पोरगी घेतली. मी म्हणालो, आणि सात नंबरचं गेज? तो म्हणाला, ते बदललं की. तिनं आल्या आल्या सांगितलं, नवीन बसवा.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इतकं तयार कसं? याला पढवलंय. वाल्मिक त्यांना सामील आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आले! जीप, पांढरे कपडे, दोन टोप्या!

सकाळी दाढी करत होतो. खिडकीतून बघतो तर चौघं दारात उभे, म्हशीकडे बघताहेत. अगदी पद्धतशीर. तोंड पुसलं, आयकार्ड घातलं, बाहेर गेलो. या पाहुणे म्हणालो. लंकाबाई काही बोलायच्या आत चौघांना टपरीवर नेऊन चहा आणि क्रीमरोल दिला. पावसापाण्याचं झालं. मग मीच विषय काढला, कारण ती माणसं भिडस्त वाटली. म्हणालो, क्वालिटीत आहे, लवकरच इन्चार्ज होईन, साहेबांचं माझ्यावाचून पान हलत नाही. सुपारीचं खांडही खात नाही. एक टोपीवाले म्हणाले, लई चांगलं. दुसरे म्हणाले, आजकाल असं पोरगं कुटं ऱ्हायलंय.

अत्यंत प्रभावित होऊन गेले. पूजाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. जुनी माणसं, संकोच करतात.

होकार आठ दिवसांत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाल्मिक म्हणाला, आज एक हेल्मेटवाला गेटवर आल्ता, वॉचमनला तुझं विचारत हुता. वॉचमननं सांगितलं, त्यो सोडून गेला.

वाल्मिकला वाटतंय मी यामुळे घाबरेन. उलट माझा अंदाज खरा ठरला. माणूस गेटवर रिपोर्ट द्यायला गेला होता. वॉचमनचं नाटक वाल्मिकला दाखवायला होतं. म्हणजे कदाचित वाल्मिक सामील नाही. किंवा आहे आणि त्याला ते माहीत नाही.

आज दुपारी बसस्टॉपवर पेपरमागे बसलो होतो. आमच्या गावाकडची माणसं ऊसतोडीला ट्रॅक्टरमधून याच रस्त्यानं जातात. ट्रॅक्टरवरून कोणीतरी, ए कल्याण, पेपर उलटा धरलाय, असं ओरडलं. मी पेपर खाली केला नाही.

१८ नोव्हेंबर

परवा या वहीत माझा एक केस ठेवला होता, पान चौदा. आज बघितलं, केस पान सोळावर. वाल्मिकनं वही वाचली, नाहीतर माझे केस गळताहेत. दोन्ही वाईट.

कॅनडाला जायला कसली तरी इंग्रजीची परीक्षा असते. बघू.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हेल्मेटवाला तिसऱ्यांदा आला. या वेळी लंकाबाईंशी बोलत होता. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला, पण म्हैस मध्ये आली. नंतर लंकाबाई म्हणाल्या, चांगला मानूस हाय रे, तुझ्या आई-बापाचं, शेतीचं इचारत हुता. उद्या-परवा तुला सोता भेटनार हाय म्हनला.

शेतीचं कशाला? एकच उत्तर. घरची कोंडी करून मला परत न्यायचं. आबांना सांगतील, तुमचा मुलगा आमचा हिरा आहे, आबा फोन करतील, मी विरघळेन.

उपाय शोधला. मी नाही म्हणून भागणार नाही, नाही त्यांनी म्हणायला हवं. मी त्यांना नकोसा व्हायला हवा. तेव्हा सुरुवातीला सगळं खरं सांगायचं, म्हणजे विश्वास बसेल. आणि शेवटी एकच गोष्ट अशी टाकायची की माणूस उठून जाईल.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७

मोहीम फत्ते. सविस्तर लिहितो.

टपरीवर तोच माझ्याजवळ आला. नाव सूर्यभान म्हणाला. आडनाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही, ओळखायचं ते मी आधीच ओळखलं होतं. काच वर करून म्हणाला, कामाला जाता ना कंपनीत? मी ठरवल्याप्रमाणे म्हणालो, नाही. तीन तारखेला सोडली. त्यानं मान हलवली. त्याला माहीत होतं. म्हणाला, का ओ सोडली? काय वांधा झाला?

इथे मी 'वैयक्तिक' म्हणणार होतो. काय झालं कोण जाणे. इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटलो. म्हणालो, वांधा काहीच नाही. मागच्या महिन्यात एका मुलीनं मला विचारलं, तुम्हाला तुमचं काम आवडतं का? मी म्हणालो, हो, खूप. चांगल्या मुलीशी पहिलंच वाक्य बोललो ते खोटं. तिनं तर साध्या पोह्यांचंही खरं सांगितलं होतं. पुढे आठ दिवस जो बुश उचलीन त्याच्यात तेच ऐकू यायचं. मग एक दिवस उठलो.

मग त्यानं हेल्मेट काढलं, पहिल्यांदाच. डोक्याला टक्कल, कानावर थोडे पांढरे केस. त्यानं फाइल बाकड्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघत बसला. म्हणाला, आता फुडं काय करनार? मी म्हणालो, माहीत नाही. खरंच नाही माहीत. घरीसुद्धा सांगितलं नाही. तो म्हणाला, आसूंदे. एवढं खरं बोलनारं पोरगं मी पयल्यांदा बगितलं. काम काय, आज न्हाई उद्या घावंल.

त्याच्या आवाजात इतकी माया होती की मी विरघळायला लागलो. आता हा 'चला' म्हणणार आणि मी मागे बसून एमआयडीसीत जाणार, हे मला दिसायला लागलं. तेवढ्यात सावध झालो आणि हुकमाचा पत्ता टाकला.

म्हणालो, पण काका, मी पितो.

तो म्हणाला, काय?

मी म्हणालो, दारू. रोज. दोन क्वार्टर. सकाळी एक, संध्याकाळी एक. पाणी नाही घालत. सुटत नाही. परवा मोबाईलवर रमी खेळलो तीपण पिऊनच.

दारूबद्दल मला फार माहिती नाही, गावातल्या एका माणसाचं ऐकलेलं सांगितलं. पण जमलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग हेल्मेट घातलं, काच खाली केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आतून म्हणाला, बाबा, सोड रे ती. लई घरं बगितलीत मी.

गेला. मोपेडला दोनदा किक मारावी लागली त्याला.

कंपनी आता माझं नाव काढणार नाही. इतकं व्यवस्थित काम मी तीन वर्षांत केलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हेल्मेटवाला गायब. होकाराची वाट बघतोय. जीपवाली माणसं पारनेरला जाऊन आता सगळ्यांना सांगत असतील.

पूजाला काय सांगायचं ते ठरवलं. साखरपुड्याआधी एकदा भेटून नोकरीचं खरं सांगणार. तिला आवडेल. कॅनडाचं आत्ताच नको.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दारात म्हैस नाही. लंकाबाईंना विचारलं. म्हणाल्या, इकली की. ते जीपवालं आल्तं ना, तू क्रीमरोल चारला त्यास्नी. त्येच घिऊन गेले.

बसून विचार केला. चौकशीला आलेल्या माणसांना म्हैस आवडली, तर घेतील. व्यवहारी लोक आहेत. पारनेरकडे असंच असतं.

लंकाबाई म्हणाल्या, ते राहुरीकडचे हायत.

राहुरीतही पूजाचे नातेवाईक असू शकतात.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

आबांचा फोन. नकार.

दुपारी ३

लिहिता येत नव्हतं. आता लिहितो.

आबा म्हणाले, पारनेरवरनं पूजाचं मामा आल्तं घरी. सूर्यभान पाव्हनं. त्यांच्याकडं चौकशी येकटा मानूसच करतो, पोरानं न बगितलेला. चार वेळा आला म्हनं नगरला. कंपनीच्या गेटवर कळलं हुतं नोकरी सुटली म्हनून. तरी म्हनला, पोराच्या तोंडून ऐकू. पोरगं खरं बोललं. आवडलं. घरी सांगितलं तर पूजाबी म्हनली, नोकरी काय, दुसरी लागंल. समदं जुळलं हुतं कल्याण. पन पेनाऱ्या पोराला लेक कशी द्यायची, म्हनला. त्यो मानूस रडला आमच्या वट्यावर.

मी म्हणालो, आबा, मी पीत नाही.

आबांनी विचारलं, कधीपासनं पेतोस?

नोकरीचं त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आईला फोन केला. देवाची शपथ, थेंब घेतला नाही म्हणालो. ती म्हणाली, म्हैनाभर कामाला जातो म्हनूनबी सांगत हुतास रं. आणि रडायला लागली.

वाल्मिकला साक्षीदार म्हणून उभा केला. त्यानं स्पीकरवर आबांना सांगितलं, काका, ह्यो चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, दारू कुठनं पेनार. आबा म्हणाले, पार्टनर पार्टनरला झाकनारच. नंतर वाल्मिक मला म्हणाला, तुझे वडील लईच संशयी हायत रे, कुनावर गेलेत?

वाल्मिक सामील नव्हता. नोंद करून ठेवतो.

३ डिसेंबर, बुधवार

सूर्यभानमामांना फोन केला. म्हणालो, मामा, मी खोटं बोललो होतो, दारूचं. ते म्हणाले, बाबा, आमच्या भावकीत दोघं गेले यानं. दोघंबी शेवटपत्तूर हेच म्हनत हुते.

फोन मी ठेवला. त्यांना ठेववत नव्हता.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळच्या एसटीनं पारनेरला गेलो. तिला प्रत्यक्ष सांगितलं की मिटेल, अशी खात्री होती. रस्त्यात वाक्यं पाठ केली.

मेडिकलमध्ये पूजा एकटीच होती. मला बघून उभी राहिली. मी पाठ केलेलं विसरलो आणि म्हणालो, खोकल्याचं औषध द्या. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ते चिठ्ठीशिवाय देत नाही. का ते मला नंतर कळलं. तिच्या मते मी तेही पीत असेन.

मग सांगितलं. मी पीत नाही. कधीच नाही. मामांना मुद्दाम खोटं सांगितलं.

ती म्हणाली, असं खोटं कोण सांगतं? लोक पितात आणि नाही म्हणतात.

मी म्हणालो, मला वाटलं मामा कंपनीचे आहेत. मला परत न्यायला आलेत. त्यांना मी नकोसा व्हावा म्हणून. मग सुरुवातीपासून सगळं सांगितलं. हेल्मेट, दोन पेनं, सात नंबरचं गेज, वॉचमनचं नाटक, वाल्मिक सामील असण्याची शक्यता, वहीतला केस. सांगताना माझ्याच कानाला ते कसंतरी लागत होतं, पण मध्येच थांबता येईना. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन गेलं. तिनं त्याला गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते समजावलं आणि परत माझं ऐकत उभी राहिली.

ती म्हणाली, म्हणजे खरंच पीत नाही तुम्ही. मी म्हणालो, नाही. तिनं विश्वास ठेवला. या पाच दिवसांत विश्वास ठेवणारं, वाल्मिक सोडला तर, पहिलं माणूस.

मग म्हणाली, मामा सांगत होते तुम्ही नोकरी का सोडली ते. ऐकून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मला वाटलं होतं, एवढं मनाला लावून घेणारा माणूस. दारूचं मामांनी मागाहून सांगितलं. तरी मी घरात म्हणाले होते, दारू सुटते.

मी म्हणालो, मग?

ती म्हणाली, हे तुमचं जे आहे ना, चहा पिणाऱ्या माणसाकडे बघून एवढं सगळं रचायचं, ते कसं सुटायचं? उद्या मी फोनवर कुणाशी बोलले तर तुम्ही काय रचाल?

मी औषध न घेताच स्टँडवर आलो. परतीच्या एसटीत शेजारी एक माणूस माझ्याकडे बघत होता. मी खिडकीकडे तोंड केलं. तो कोण असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि सुप्यापर्यंत तोच विचार केला.

८ डिसेंबर

रूम सोडतोय. लंकाबाई म्हणाल्या, जा बाबा घरी, सुधर. वाल्मिकनं माझी बॅग स्टँडपर्यंत आणली. वही त्यानं वाचलेली नाही म्हणाला, तुझं अक्षर कुनाला लागतंय.

१४ डिसेंबर, रविवार. गाव

आज सकाळी भैरवनाथाच्या देवळात नेलं. आबा, आई, चुलते, चुलत्यांची पोरं, शेजारचे चौघं. गुरवानं बेलाचं पान आणि भंडारा माझ्या हातावर ठेवला. बेलभंडारा उचलून जो बोलतो त्याला मागे फिरता येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चुलते म्हणाले, म्हन, आजपासनं दारू सोडली.

मी मनात तपासून बघितलं. 'सोडली' म्हटलं तर आधी धरली होती असा अर्थ निघतो आणि देवासमोर खोटं होतं. म्हणून म्हणालो, यापुढे दारूला शिवणार नाही. यात काही खोटं नाही. देवाला अडचण येऊ नये.

आबांनी भंडारा माझ्या कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा मोकळा, की मी बारावी पास झालो तेव्हाही तसा नव्हता. पंधरा दिवस मी खरं सांगत होतो, घरच्यांपैकी एकालाही पटलं नाही. आज सगळ्यांना पटलं.

नोकरी सोडली तेव्हा कोणी आलं नव्हतं. आज तीस माणसं होती आणि नंतर शिरा होता.

येताना आबांना म्हणालो, पुढं काय करायचं अजून ठरलं नाही. आबा म्हणाले, काय घाई न्हाई. हे सुटलं हेच लई झालं.

१८ डिसेंबर, गुरुवार

दिवस चौथा. आई बाया-माणसांना सांगत फिरतेय, लेकरू निग्रहाचं हाय, चार दिस झाले, थरथर न्हाई का काय न्हाई. गावातला एक खराखुरा पिणारा येऊन विचारून गेला, कसं जमवलं. त्याला अर्धा तास समजावलं. मनावर ताबा हवा म्हणालो. बोलता बोलता मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. आजवरच्या माझ्या निश्चयांत चार दिवस टिकलेला हा पहिलाच.

जेवताना आई आबांना म्हणाली, पारनेरला कळवा की, पोरानं सोडली म्हनावं. आबा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, कळवनार हुतो. तिची सुपारी फुटली सोमवारी. सुप्यातला पोरगा हाय, चांगला हाय म्हनत्यात.

मी पाणी प्यायलो आणि उठलो.

आज पहिल्यांदा घ्यावीशी वाटली.